दरबारी भिंतीच्या सांध्यांचे वर्तमान

श्रीविघ्नहर्ता प्रसन्न, आणि ज्या हातांनी भिंती सपाट होतात त्या हातांस नमस्कार. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमास, ते समयी एका राज्यात काचेचा उंच गड बांधीत होते, आणि आत दगडविटांच्या भिंती नव्हत्या, जिप्समच्या पाट्या उभ्या करून दालने पाडिली होती, आणि पाटीस पाटी मिळे तेथे सांधा राही. तो सांधा टेप लावून, लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून ऐसा नाहीसा करावा की धन्यास तो होता हेच कळू नये, हे काम सोपानराव लोणकर यांजकडे होते, आणि हाताखाली त्यांचे मेहुणे गुणाजी होते. सोपानराव बहुत नामांकित. परंतु वय जाहले आणि नजर मंदावली, आणि ही गोष्ट त्यांनी कोणासच सांगितली नाही, बायकोसही नाही. गुणाजींस मात्र उमगली. मग ते रोज मागे राहून दिवा भिंतीस आडवा धरीत, कारण आडव्या उजेडात उंचवटा लपत नाही, आणि दाजींचे राहिलेले गुपचूप घासून टाकीत, आणि सोपानरावांस हे ठाऊक होते, आणि दोघेही चकार शब्द काढीत नसत.

मग धन्याची स्वारी परवा आपल्या बैठकीचे दालन, ज्यास दरबार म्हणत, त्याच्या पाहणीस येणार ऐसे कळले, आणि दोघांपैकी एकाने वरल्या मजल्यावर जावे ऐसा मुकादमांनी हुकूम सोडिला. गुणाजी घुटमळले. म्हणाले, "दाजी, दरबारची भिंत आज ऱ्हाऊ द्या. उद्या दोघं मिळून करू." यावर सोपानरावांचे पित्त खवळले. म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून लांबीचा पत्रा हाय माझ्या हातात. जा वर!" ऐसे बोलून एकटेच भिंतीवर चालून गेले, लांबी भरिली, सुकल्यावर घासली, रापलेला हात फिरवून पाहिला, आणि फत्ते जाहली ऐसे मानिले.

गुणाजी दोन्ही दिवस वरल्या कामात अडकले, त्यांस रात्री दिवा धरावयास खाली येता आले नाही. मग स्वारी आली, आणि धन्यासोबतच्या कारभारी साहेबांनी दिवा आडवा धरविला, आणि एकूण एक सांधा बरगडीसारखा उठून दिसला. साहेब गरजले, "हे कुणाचं काम?"  सोपानराव काही बोलणार, तोच गुणाजी पुढे होऊन बोलिले, "माझं, साहेब. दाजी वरल्या मजल्यावर होते. चुकी माझी." मग गुणाजींस त्याच पावली गडाखाली उतरविले. सोपानरावांस खरे सांगता आले असते, आणि त्यांनी सांगितले नाही. ही चाकरी गेली तर असल्या डोळ्यांस दुसरी कोण देतो, हे भय त्यांच्या पोटात होते. लिहिणारास हे लिहिताना वाईट वाटते, परंतु लिहिणे प्राप्त आहे.

संध्याकाळी सोपानराव घरी आले, तो गुणाजींनी बहिणीस आधीच फोन करून आपली चुकी कबूल केली होती, आणि बाईसाहेब संतापाने लाल जाहल्या होत्या. म्हणाल्या, "एवढं शिकवलंत त्याला, आन् तुमच्याच नावाला काळं फासलं मेल्यानं! भाऊ असला म्हणून काय झालं, दारात उभा करायची न्हाई मी त्याला आता." ऐसे म्हणून त्यांनी पतीच्या ताटात गरम भाकरी वाढिली, आणि सोपानराव मान खाली घालून जेविले.

येणेप्रमाणे दरबारची भिंत दुसऱ्या कारागिरांनी नीट केली, गुणाजी दूरच्या मुलखी कामास गेले, आणि सोपानराव चाकरीवर राहिले. जे घडले ते लिहिले. बाईसाहेबांस अद्याप कोणी सांगितलेले नाही.