समजा, मले काही झालं तं

माणूस मर्त्य आहे, ही माहिती आरमोरी तालुक्यातल्या सर्व रहिवाशांना पूर्वीपासून होती. ती कोणी अंगणात खुर्ची टाकून, चहा पीत, रंगीत पत्रक दाखवत सांगावी, एवढंच त्यांना मान्य नव्हतं. चिरछाया जीवन विमा कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी धनराज याची सारी अडचण इथूनच सुरू झाली.

कंपनीच्या प्रशिक्षणात एक वाक्य सक्तीचं होतं. ग्राहकाच्या डोळ्यांत बघून विचारायचं, 'समजा, उद्या तुम्हाला काही झालं तर?' आणि मग गप्प बसायचं. प्रशिक्षण चंद्रपूरच्या एका गारेगार हॉटेलात झालं होतं आणि तिथे हे वाक्य ऐकून कोणालाच काही झालं नव्हतं. आरमोरीत मात्र पहिल्याच दिवशी नीलाबाईंनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "माह्या मालकाले काऊन काही होईन? तुले कोनं धाडलं गा?" शेजारणीने त्याची पाठ वळताच मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. पुढे त्याची मोटारसायकल गल्लीत शिरली की लोक दारं ओढून घेऊ लागले.

शाखाधिकारी कुलदीप सर वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांमध्ये पॉलिसी खपवून मोठे झाले होते. तिथे पगाराच्या दिवशी माणूस काहीही घेतो. मार्चअखेर उद्दिष्ट गाठलं नाही तर एजन्सी काढून घेऊ, असं त्यांनी धनराजला प्रेमाने कळवलं. एजन्सी गेली की धनराजला मेहुण्याच्या राइस मिलवर परत पोती मोजायला जावं लागणार होतं, आणि तिथून तो मेहुण्याला चार गोष्टी सुनावून निघाला होता.

मदत म्हणून सरांनी त्याला मार्कंड्याच्या महादेवाच्या यात्रेत मंडप टाकून दिला. यमाला जिथून हात हलवत परत जावं लागलं, अशी लोकांची श्रद्धा, त्याच देवाच्या दारात मृत्यूपश्चात लाभांची पत्रकं वाटायची होती. लोक पत्रक आनंदाने घेत. "आमचा विमा आत निघाला जी," असं सांगत आणि पत्रकात प्रसाद बांधून घरी नेत.

दुपारी मंडपाच्या सावलीला गुणवंतराव टेकले. आरमोरीचाच, बांधीतल्या चिखलात धान लावणारा, कमी बोलणारा माणूस. धनराज सवयीने सुरू झाला, "समजा, तुमाले..." गुणवंतरावांच्या भुवया वर गेल्या. धनराजने जीव मुठीत धरून वाक्य वळवलं. "तुमाले नाई जी. समजा, मले काही झालं तं? माह्या बायकोचं, चंदाचं कसं होईन? पोरगी तिसरीत हाये." बोलता बोलता त्याला आपलाच फोटो हारासकट दिसला आणि खरोखरच रडू आलं. गुणवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सही कुठी करू?"

त्या दिवसापासून धनराज घरोघर फक्त स्वतःचंच मरण मांडू लागला. दिवस धुळीचे होते, मधूनच खोकला यायचा. तो त्याने थांबवला नाही. एवढ्यावरच शेजारच्या वडशाला बातमी पोहोचली की त्याचं लिव्हर गेलं आहे. गडचिरोलीपर्यंत जाता जाता दोन्ही किडन्याही गेल्या. धनराज खोटं काही बोलला नाही, फक्त खरं सांगायची घाई केली नाही. जाणाऱ्या माणसाचा शब्द कोण मोडतो? ज्यांनी दारं लावली होती त्यांनी उघडून सह्या केल्या, नीलाबाईंनी सर्वांत आधी. चंदाकडे बायका नारळ-साखर घेऊन येऊन डोळे पुसू लागल्या, तेव्हा तिने घाबरून नवऱ्याला गाठलं.

"तुमाले काय झालं हाये? मले तं सांगा."

"टार्गेट झालं," धनराज म्हणाला.

मार्चअखेर तो विभागात पहिला आला. सत्काराला कुलदीप सरांनी, मरणाच्या दारात उभं राहून कंपनीची सेवा करणारा वीर, असा त्याचा गौरव केला आणि ही पद्धत सर्वांनी अंगीकारावी, असं परिपत्रक काढलं. गारेगार हॉटेलात पुन्हा प्रशिक्षण झालं, खोकल्याचं. पावसाळ्यापर्यंत चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांतले सगळे विमा प्रतिनिधी अखेरच्या घटका मोजू लागले.

मग वर्ष फिरलं आणि दुसरा हप्ता आला. धनराज गुणवंतरावांच्या अंगणात उभा राहिला. कमिशनच्या वर्षात त्याला थोडं पोटही सुटलं होतं. गुणवंतरावांनी त्याला वरून खाली न्याहाळलं.

"तू हायेस अजून?"

"हाव जी."

"आमी तुह्या पोरीकडे पाहून पैसे भरले, धनराज. तू तं जाडा होऊन राह्यला."

ते रागावले नव्हते, दुखावले होते. गावाने आपली बाजू पाळली होती, धनराजने त्याची पाळली नव्हती. नीलाबाईंनी तर समजुतीच्या सुरात एखादी तारीख तरी सांग म्हटलं. हप्ते थांबले, पॉलिसी बंद पडत गेल्या, आणि मेहुण्याने मिलवर एक खुर्ची पुसून ठेवल्याचं चंदाच्या कानावर आलं.

आपण धडधाकट आहोत हे सिद्ध करायचा एकच मार्ग धनराजला दिसला: स्वतःचा विमा काढायचा. एवढ्या लोकांना विकताना तो त्याचा राहूनच गेला होता. कंपनीच्या डॉक्टरने त्याला ठणठणीत ठरवलं. नियमाप्रमाणे मग स्थानिक चौकशी झाली. साऱ्या तालुक्याने ओल्या डोळ्यांनी साक्ष दिली, आणि सत्काराचं भाषण तर कंपनीच्याच दप्तरी होतं. अर्ज नामंजूर झाला.

"देख धनराज," कुलदीप सर फोनवर म्हणाले, "एकटा डॉक्टर म्हणते तू बरा हायेस. बाकी पुरा तालुका नाई म्हणते. कंपनी कोणाचं ऐकन?"

चंदाने त्याच्यासाठी चहा आणला, आपलाही कप घेऊन समोर बसली आणि पहिल्यांदाच विचारलं, "समजा, तुमाले खरंच काही झालं तं?" हे वाक्य समोरच्या खुर्चीतून कसं लागतं, हे धनराजला तेव्हा कळलं. त्याला भीती वाटली. त्याने उठून तिच्या हातातला कप तेवढा काढून घेतला.

धनराजची प्रकृती आजही उत्तम आहे. राहिलेले ग्राहक शोधत तो अजून फिरतो, तेव्हा त्याचा फोन तुम्हालाही येईल आणि तुम्ही तो कापाल. त्यात काही विशेष नाही. पण ही गोष्ट वाचताना, शेवटी याला खरंच काहीतरी निघणार, अशी तुम्ही मनातून वाट बघत होतात. निघालं नाही म्हणून आत्ता थोडा हिरमोडही झाला असेल. आरमोरीच्या लोकांचंही तेच झालं. त्यांनी निदान पहिला हप्ता भरला होता.