शंभर मार्कांचं गाव

लिमये नमस्काराला नमस्कार करत नाहीत. जिन्यात भेटले की विचारतात, "सगळं बंद पडलं, तर तुम्ही किती दिवस?" नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत याचं उत्तर कुणाकडेच नाही. पंप बंद पडला तर आम्ही दुपारपर्यंतच टिकू.

लिमये माझे समोरचे शेजारी. निवृत्त ड्राफ्ट्समन, विधुर. संकट येणार हे त्यांच्या मते नक्की होतं. तेव्हा कुठल्या गावात जाऊन राहायचं, एवढंच ठरायचं होतं. म्हणून दर रविवारी ते स्कूटरवरून तालुक्यातल्या गावांची परीक्षा घेत. मागे मी. मला नाही म्हणता येत नाही.

विहीर, भात, सरपण, हायवेपासूनचं अंतर, सगळ्याला मार्क. शिरढोण हायवेपायी नापास. "सगळी मुंबई याच रस्त्याने पळणार, पाटणकर, आणि पहिली इथेच चहाला थांबणार!" टॉवरांनी भरलेल्या ओवे गावाला तर त्यांनी परीक्षेलाच बसू दिलं नाही. "टॉवरवर भात लावणार का?" 'स्वभाव' हा वेगळा पेपर होता. अनोळखी दारात जाऊन मीठ मागायचं. दिलं तर पास, वर 'बस' म्हटलं तर फर्स्ट क्लास.

घोटाळा असा, की आमच्याकडे परका माणूस टेप घेऊन विहिरीत वाकला की तो बिल्डरचाच असतो. एका गावात अर्ध्या तासात सात जण सातबारा घेऊन रांगेत उभे राहिले. लिमयांनी सगळे उतारे वाचले आणि गंभीरपणे विचारलं, "पण नाचणी होते का?"

शेवटी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव सापडलं. तिथली एक म्हातारी अंगावरच आली. "ए, काय मोजतंस? जमीन इकाची नाय!" लिमयांनी मीठ मागितलं.

"नुसता मीठ खाशील?" म्हणत तिने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. जन्माचे शाकाहारी लिमये माझ्या कानात म्हणाले, "आणीबाणी आहे," आणि ताटली चाटून मोकळे झाले. शंभरपैकी शंभर! लगेच त्यांनी तिच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मागितल्या.

"येकल्या मानसाला नाय देत. आजारी परलास त कोन बघल? घरचा कोन हाय तुजा?"

लिमयांनी माझ्याकडे बोट केलं. "हा धाकटा भाऊ."

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगतो. मला त्यांचं आजारपण दिसलं, दवाखाना दिसला, आणि मी चटकन म्हणालो, "छे छे, मी नुसता शेजारी."

म्हातारीने ताटल्या उचलल्या.

 परतताना स्कूटरवर लिमये पुढे बघतच म्हणाले, "बरोबर बोललात. पण दुसरी खोली तुमच्यासाठी होती हो. मला एकट्याला एवढी जागा कशाला?"

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. म्हणालो, "आजी, मी त्यांचा भाऊच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग तवा का नाय बोल्लास? भांडान झालता?"

"हो," मी म्हणालो. "झालं होतं."

तिला ते लगेच पटलं. कमरेची किल्ली काढून तिने मागचं दार उघडलं.