तेलपंपावरील वारसवाचनाची आणि त्र्यंबकरावांच्या स्कूटरीची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. ऐकणारांचे कान आणि लिहिणाराची लेखणी, उभयतांस कुशल असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ज्येष्ठमास, ते समयी एके राज्यी जे वर्तमान वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर थोडके.

त्या राज्याचे प्रधानजी एके दिवशी मोटारीत बसोन मोहिमेस, म्हणजे मेहुण्याचे घरी जेवावयास, निघाले, तो तिठ्यावर कांद्याचा एक टेंपो आडवा आला आणि मोटारीचा डावा दिवा फोडोन उभा राहिला. प्रधानजींनी खाली उतरोन विमा विचारिला. टेंपोवाला बोलिला, "विमा न्हाई सायेब, पण कांदं हायेत. दोन गोण्या न्या, लई भारी माल हाय." प्रधानजींची मर्जी बहुत खप्पा जाहली आणि ते न जेवता माघारे फिरले आणि थेट हुजुरात जाऊन अर्ज करिते जाहले की राज्यात निम्मी वाहने विम्यावाचून हिंडतात, ऐशांस तेल बंद करावे, टाकी कोरडी पडताच आपोआप अक्कल येईल. महाराजांसही भूक लागली होती. त्यांनी मान हलविली आणि हुकूम सुटला की जो विमापत्र दाखवील त्यास पेट्रोल मिळेल, जो न दाखवील त्याने वाहन ढकलीत न्यावे. हुकूम वाईट नव्हता, हे आम्ही आजही म्हणतो.

त्या नगरास पंप एकच, वेशीबाहेर घाटाचे तोंडाशी, कडुलिंबाखाली. पहिले आठ दिवस कागद नुसता दाखवावा ऐसा शिरस्ता होता. मग रयतेने काय केले, तर कोणी लग्नपत्रिका दाखविली, कोणी शेळीस लस टोचल्याचा दाखला दाखविला, आणि एका भल्या गृहस्थाने आपले शाळेतील प्रगतिपुस्तक पुढे केले, तेही नापासाचे. आणि पंपावरील कारकून चष्मा घरी विसरोन आले होते, ते "ठीक आहे, ठीक आहे" म्हणोन तेल देते जाहले. हे कळताच प्रधानजींनी दुसरा हुकूम काढिला की इतःपर प्रत्येकाचे विमापत्र पहिल्या अक्षरापासोन शेवटल्या अक्षरापर्यंत, रांगेतील समस्त लोक साक्षी ठेवोन, मोठ्याने वाचावे, म्हणजे खोटे असेल त्यास तेथेच घाम फुटेल. आणि या कामावर तुळाजी हंबीर यांस नेमिले. हे तुळाजी पूर्वी कुस्त्यांच्या फडात आणि लग्नाच्या मांडवात पुकारा करीत. मनाने गरीब, परंतु आवाज ऐसा की त्यांनी कुजबुज केली तरी नदीपार कपडे धुणाऱ्या बाया ओ देत.

आता विमापत्राचे तळाशी एक रकाना असतो. वाहनाचा धनी अपघातात गेला तर मागे पैका कोणास द्यावा, त्या वारसाचे नाव आणि नाते त्यात लिहितात. हा रकाना ज्याने त्याने कचेरीत एकट्याने बसोन भरिला होता, तो कधी कोणी ऐकेल ऐसे कोणाचे ध्यानीमनी नव्हते. तुळाजी वाचू लागले आणि राज्यात हलकल्लोळ माजला. जगदाळे पाटलांनी तिसऱ्या मुलाचे नाव घातले होते, ते ऐकोन पहिले दोघे चूल वेगळी मांडिते जाहले. एकाने मातोश्रींचे नाव घातले होते, त्याची बायको मागल्या आसनावर बसली होती, ती तेथेच उतरली आणि पायी माहेरी गेली, आणि माहेर सात कोस. मग ज्यांस वाहन नाही, तेल नको, ऐसेही लोक सकाळीच पंपाचे भिंतीवर भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसू लागले. काही शहाण्यांनी अर्ज केला की विमा आहे की नाही इतुकेच पाहावे, बाकी घरचे आहे ते घरी राहू द्यावे. प्रधानजी बोलिले, "ज्याचे मन साफ, त्याला भीती कसली? लपवायचंच नसेल तर ऐकू द्या की लोकांना!" हे बोलणे ऐकावयास फार बरे लागते.

या धामधुमीत एका जिवाची मात्र फारच कुचंबणा जाहली. त्याचे नाव त्र्यंबकराव उकिडवे, निवृत्त ड्रॉइंगमास्तर, पत्नी वारून नऊ वर्षे जाहली, राहणे मुलाकडे, आणि पदरी एक जुनी स्कूटर, जीस चालू करण्याआधी डावीकडे आडवी करोन नमस्कार करवावा लागे. घराशेजारी पिठाची गिरणी असता मास्तर दर चार दिवसांनी शेरभर गहू डब्यात घेत आणि घाट उतरोन दोन कोसांवर खालच्या पेठेत अनसूयाबाई दाबके यांचे गिरणीवर दळावयास नेत. अनसूयाबाई विधवा, गिरणी एकहाती चालवीत, भुवयांवर सदा पीठ, आणि बोलणे गिरणीहून मोठे. सून शर्मिलाबाई विचारी, "बाबा, एवढ्याशा दळणाला एवढं लांब?" मास्तर म्हणत, "तिथलं बारीक येतं गं." विमा काढतेवेळी कारकुनाने वारस विचारिला, तेव्हा मुलास नोकरी बरी आहे ऐसे मनात आणोन मास्तरांच्या तोंडून एकदम अनसूयाबाईंचे नाव निघोन गेले. कारकून बोलिला, नाते? मास्तरांनी फार विचार केला आणि सांगितले, "दळण." कारकुनाने तेच लिहिले. ही गोष्ट मास्तरांनी अनसूयाबाईंसही सांगितली नव्हती. मग पेच ऐसा पडला की तेल न घ्यावे तर घाट उतरोन पुन्हा चढता येत नाही, आणि तेल घ्यावे तर ज्या बाईने आजवर कोणाचे ऐकोन घेतले नाही तिचे नाव भिंतीवर शेंगा खाणारांचे तोंडी जाते. पाप काही नव्हते. परंतु आपले होते.

एके दिवशी भर दुपारी, रांग थोडकी पाहोन, मास्तर स्कूटर ढकलीत पंपावर गेले आणि तुळाजीस हात जोडोन बोलिले, "तुळाजीराव, जरा हळू वाचा." तुळाजी म्हणाले, "मास्तर, तुमच्यासाठी कायपण. अगदी कानात सांगितल्यागत वाचतो बघा." आणि त्यांनी हळू वाचावयास आरंभ केला, तो लिंबावरील कावळे उडाले. धनी वाचिला, वय वाचिले, इंजिनाचा नंबर वाचिला, आणि नजर तळच्या रकान्यावर गेली, इतक्यात मास्तरांस रांगेत रिक्षात बसलेल्या विहीणबाई दिसल्या. मास्तरांनी तुळाजींचे हातून कागद ओढिला आणि रिकामी स्कूटर तशीच माघारी ढकलीत नेली. झाले, संध्याकाळपर्यंत गावात चार कथा जाहल्या आणि चारही प्रधानजींचे कानी गेल्या. मग हुकूम आला की जो तेल घेत नाही तो काही लपवितो. सबब उकिडवे मास्तरांनी येत्या शुक्रवारी सकाळी भरल्या रांगेत कागद वाचून घ्यावा, नपेक्षा स्कूटर जप्त होईल. मास्तर सव्वा महिना घाट उतरले नव्हते. शेजारच्या गिरणीचे पीठ जाड येई, ते मुकाट्याने खात.

शुक्रवार आला. भिंतीवर जागा मिळेना. मास्तर दुसऱ्या नंबरावर उभे, कागद ओल्या मुठीत, आणि मनात म्हणत होते की ढकलत घाटाखाली जावे आणि अगोदर अनसूयाबाईंस सांगावे, पण तेवढा वेळ राहिला नव्हता. इतक्यात तुताऱ्या वाजल्या आणि महाराजांची खासा स्वारी युवराजांसह मोटारीतून आली, कारण प्रधानजींनी सुचविले होते की हुजुरांनी स्वतः कागद वाचून घेतल्यास रयतेस धडा मिळेल. रांग सोडोन पुढे उभे राहिले, ते राजे असल्यामुळे कोणी काही बोलले नाही. तुळाजींनी मुजरा केला आणि वाचावयास लागले. वय त्रेसष्ट, ऐसे वाचिले, तेव्हा गर्दीत चुळबुळ जाहली, कारण मागल्याच महिन्यात एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या तोफा झडल्या होत्या. मग तळचा रकाना आला. "वारस, राजश्री वीरधवल. नाते, धाकटा भाऊ." इतुके वाचोन तुळाजींनी घाबरोन आपली मान चाचपली. कारण या वीरधवलांशी महाराजांचे बांधावरील एका फणसावरून एकवीस वर्षे भाषण नव्हते, आणि हे नाव जो काढील त्याची गर्दन मारावी ऐसा जुना हुकूम होता.

युवराज बोलिले, "आबासाहेब, मग आम्ही?" महाराज प्रधानजींकडे वळोन म्हणाले, "हे आम्ही धाकट्या भावास आपल्या तोंडाने सांगणार होतो. धीर होत नव्हता, म्हणोन निदान कागदावर लिहिले. आता सारे गाव त्यास सांगेल. आमचे सांगणे राहूनच गेले." प्रधानजी बोलिले, "पण महाराज, मन साफ असेल तर..." महाराज गरजले, "मन साफच आहे! म्हणोनच ते तुमच्या भिंतीवर टांगावयाचे नाही!" आणि तेथेच बोनेटावर कागद ठेवोन हुकूम लिहविला की यापुढे पंपावर विम्याची तारीख तेवढी पाहावी, बाकी कागदावर हात ठेवावा आणि तोंड मिटोन तेल घालावे. मग मोटार राजवाड्याकडे वळली नाही, फणसाकडे वळली.

मास्तरांचा नंबर आला. तुळाजींनी कागद घेतला, आपला रुंद पंजा खालच्या रकान्यावर ठेविला आणि तारीख पाहिली. मग मास्तरांचे कानापाशी वाकोन, उभ्या जन्मात बोलिले नव्हते इतुके हळू बोलिले, "टाकी फुल करतो मास्तर. घाट हाय पुढं." म्हणजे त्या दुपारीच त्यांनी नाव वाचिले होते आणि सगळा वेळ पोटात ठेविले होते. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आमच्याही आले, ते सांगावयास लाज वाटत नाही.

मास्तरांनी स्कूटरीकडून नमस्कार करविला आणि घाट उतरले. गहू आणावयाचे विसरले होते. अनसूयाबाई पट्ट्याचे आवाजावर ओरडल्या, "सव्वा महिना कुठं होतात? दुसरी गिरणी धरलीत म्हणे!" मास्तर काही बोलिले, ते ऐकू गेले नाही, तेव्हा बाईंनी गिरणी बंद केली. मग मास्तरांनी कागद उघडिला आणि तुळाजींसारखे ताठ उभे राहोन, धन्याचे नावापासोन इंजिनाचे नंबरापर्यंत सारे मोठ्याने वाचिले, आणि शेवटी वारस वाचिला आणि नाते वाचिले. बाईंनी पदराने हात पुसले आणि कागद घेऊन पुन्हा आपण वाचिला. "दळण हे काय नातं झालं?" मास्तर बोलिले, "तेव्हा दुसरं सुचलं नाही." "आणि आता?" "आता सुचतंय, पण रकाना लहान आहे." बाई हसल्या नाहीत. कागदाची घडी करोन त्यांनी कमरेस खोचली आणि म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही गेल्यावर मिळायचं. त्याचं मी काय करू? टाकी भरलीय ना? मग घाटावर चहा पाजा मला. थांबा, कुलूप घालते."

तिसरे प्रहरी ती स्कूटर घाट चढोन पंपासमोरून गेली. मागे अनसूयाबाई बसल्या होत्या, आणि मास्तरांचे खांद्यावर पिठाची पाच बोटे उमटली होती. भिंतीवरचे लोक माना उंचावोन ओरडले, "अहो तुळाजी, कोण गेलं हो ते?" तुळाजींनी पंपाची नळी खाली ठेविली, छाती भरोन श्वास घेतला आणि पुकारिले, "स्कूटर गेली! विमा हाय!"

तात्पर्य, विमा सर्वांनी काढावा, तारीख चुकवू नये, आणि पंपावर कागद मागितला तर दाखवावा. याउपर ज्याची गोष्ट त्याने सांगावी. ही हकीकत कोणी लिहिली ऐसे पुसाल, तर विमा आहे. इति.