मेहुण्याच्या अँप्लिफायरची घरघर

आमच्या घरात नको तो आवाज करणारी एकही वस्तू नाही, हे मी पैजेवर सांगतो! दार करकरत नाही, खुर्ची कुरकुरत नाही, मिक्सरसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. कुरकुरायचा हक्क एकट्या बायकोला आहे, आणि तो तिनं लग्न ठरलं तेव्हाच राखून ठेवला होता.

मी पंख्यांच्या कारखान्यात ‘आवाज तपासणी’ विभागात आहे. सव्वीस वर्षं! बंद खोलीत बसायचं, पंखा फिरवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. जरा कुठं घरघर आली की लाल शिक्का: नापास! देवानं माझे केस तिशीतच परत मागून घेतले, पण बदल्यात कान दिले. डोक्यावर एक केस नाही, पण कान असे की शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा सैल झालेला स्क्रू मी इथून सांगतो. विभागात येणाऱ्या नव्या माणसाला मी एकच नियम शिकवतो: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग ऐका, मगच दुसरीला हात लावा. हा नियम मी भिंतीवर रंगवून घेतलाय. खाली माझं नाव आहे.

ते नाव आता पुसावं का, असा विचार चालू आहे.

झालं असं, की गुरुवारी संध्याकाळी माझा मेहुणा एक भलंमोठं खोकं कवटाळून दारात उभा राहिला. हा बायकोचा धाकटा भाऊ. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. बारा वर्षं वाजवतोय. कुणाच्या वाढदिवसाला, कुठल्या दुकानाच्या उद्घाटनाला, बहुतेक वेळा चहावर. स्वभावानं इतका मवाळ, की कुणाच्या पायावर त्याचा पाय पडला तर दोन्ही पायांची माफी मागेल.

“भाऊजी, माझ्या खोलीला रंग देतायत. शनिवारपर्यंत हा अँप्लिफायर इथं ठेवू का?”

“ठेव की! घर तुझंच आहे.”

“रविवारी सकाळी दहाला रेकॉर्डिंग आहे. पहिलंच.” एवढं बोलून तो लाजला. “स्टुडिओवाल्यांनी स्वतःहून बोलावलंय.”

बायकोनं तिथंच त्याची दृष्ट काढायची बाकी ठेवली. बारा वर्षांत या पोराला कुणी स्वतःहून बोलावल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला खरंच भरून आलं.

“वाजवून तरी दाखव!” मी म्हणालो.

अँप्लिफायर जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवर चालणारा. पाठीमागची फळी अर्धीच, आणि आत काचेच्या चार नळ्या, तेच व्हॉल्व्ह. बटण दाबलं की त्या हळूहळू तांबूस उजळतात. मेहुण्यानं गिटार जोडली, तारेवर बोट मारलं.

घर्रर्र!

सूर होता, नाही असं नाही. पण त्याच्या पाठीला घरघर चिकटली होती! असा पंखा माझ्यासमोर आला असता तर मी तो फिरायचा थांबायचीसुद्धा वाट पाहिली नसती.

“कसा वाटला?” मेहुण्यानं विचारलं.

“छान!” मी म्हणालो. सासरच्या माणसाला लाल शिक्का मारता येत नाही.

जाताना तो दारातून परत वळला. “भाऊजी, याला हात मात्र लावू नका हं.”

आता तुम्हीच सांगा, मुलाला पहिलं रेकॉर्डिंग मिळालंय, तो असला घरघरता डबा घेऊन तिथं जाणार, लोक हसणार, हा त्यांचीच माफी मागून घरी येणार! मी सख्खा भाऊजी. आणि शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी! मी ठरवलं, शनिवारी त्याला चकितच करायचं.

तो चकित झाला, हे आधीच सांगून ठेवतो.

शुक्रवारी चहा झाल्या झाल्या मी पाठची फळी उघडली. पहिल्याच नजरेला काय दिसावं? स्पीकरच्या लोहचुंबकाला एक केसांचा आकडा चिकटलेला! अंबाड्यात खोचतात तसला, दोन पायांचा, चांगला जाड. एक पाय चुंबकापाशी, दुसरा सांगाड्याच्या फटीतून आत स्पीकरच्या आवाज काढणाऱ्या कागदाला टेकलेला.

“अगं, हे काय आहे बघ!”

“अय्या, माझा आकडा!” बायको ओट्यापासून धावत आली. “गेल्या वर्षी हे खोकं महिनाभर आपल्याकडं होतं ना, तेव्हा मी त्यावर आरसा ठेवून केस बांधायचे. एक दिवस पाठीमागं पडला तो गेलाच! असे आकडे आता सहज मिळत नाहीत हो.” तिनं तो पुसला आणि तिथल्या तिथं अंबाड्यात खोचला.

नियमाप्रमाणं मी इथं थांबून ऐकायला हवं होतं. एक गोष्ट बदलली होती! पण सुट्टीच्या दिवशी नियम कोण पाळतो? आणि आकडा म्हणजे काही भाग नव्हे, तो कचरा. मी कामाला लागलो.

स्क्रू आवळले. फळीच्या कडांना नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, पट्ट्या चिकटवल्या. बटणांत सफाईचं औषध फवारलं. व्हॉल्व्ह उपटले, कापसात गुंडाळले आणि रेडिओवाल्यांकडं नेले. आमच्याकडं व्हॉल्व्हची दुरुस्ती करणारे हे एकच गृहस्थ उरलेत. बोलतात इतकं सावकाश, की त्यांनाही तापायला वेळ लागत असावा.

त्यांनी एकेक व्हॉल्व्ह यंत्रात घातला. काटा पाहिला.

“थकलेत.”

“म्हणजे खराब?”

“नाही. वाजतात. थकून वाजतात.”

“म्हणजे नापास!”

“मी तसं म्हणालो नाही.”

“मी म्हणतो! चार नवे द्या.”

“आणि जुने?”

“टाका कुठंतरी!” मी दिलदारपणे म्हणालो. त्यांनी ते पायाशी असलेल्या खोक्यात टाकले. खोक्यात दीडदोनशे मेलेले व्हॉल्व्ह असतील.

घरी येऊन नवे बसवले, गिटार नव्हती म्हणून शिट्टी वाजवत वाट पाहिली.

शनिवारी दुपारी मेहुणा आला. मी सोफ्यावर पाय पसरून बसलो. बायकोला सांगितलं, “बघ आता!” त्यानं गिटार जोडली, तारेवर बोट मारलं, आणि खोलीत एक सूर उमटला. स्वच्छ, गुळगुळीत, दवाखान्याच्या फरशीसारखा!

मेहुण्यानं दुसरी तार छेडली. तिसरी. खाली वाकून बटणं फिरवली. मग माझ्याकडं पाहिलं.

“भाऊजी, आवाज कुठं गेला?”

“घरघर काढून टाकली!” मी म्हणालो. “मुळासकट!”

तो जमिनीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “वर्षभरापूर्वी हा आवाज आपोआप यायला लागला, भाऊजी. मी फोनवर रेकॉर्ड करून कुणाला तरी पाठवलं, ते फिरत फिरत स्टुडिओवाल्यांपर्यंत गेलं. ते म्हणाले, वाजवणारे गल्लोगल्ली आहेत, आम्हाला ती घरघर हवी. तो आवाज घेऊन या, नाहीतर येऊ नका.”

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही. विवाहितांना गरज नाही, आणि अविवाहितांचा विश्वास बसणार नाही.

मला इतकं वाईट वाटलं, की सांगता सोय नाही. बारा वर्षांनी पोराच्या दाराशी नशीब आलं, आणि मी त्याला लाल शिक्का मारून परत धाडलं होतं. मी उठलो आणि रेडिओवाल्यांकडं पळत सुटलो.

“काका! कालचे खराब व्हॉल्व्ह परत द्या!”

“नवे चालले नाहीत?”

“छान चालले! तीच तर भानगड झालीय!”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “चाळीस वर्षं दुकान चालवतोय. माणसं खराब घेऊन येतात, चांगलं घेऊन जातात. तुमची तब्येत बरी आहे ना?”

“काका, खराब द्या हो! हात जोडतो!”

ते सगळं खोकं मी घरी आणलं. सुदैवानं मेहुण्यानं आपल्या व्हॉल्व्हवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिलेले होते. तासभर शोधून चारही सापडले. बसवले, तापले, उजळले. मेहुण्यानं तार छेडली.

गुळगुळीत!

“व्हॉल्व्ह नव्हतेच,” मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

मग जे सुरू झालं ते माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरवणारं होतं. मी नमदा उपटला. आवळलेले स्क्रू सैल केले. फटीत पेन्सिल अडकवली. वर खिळ्यांचा डबा ठेवला.

“आता?”

“ही खरखर आहे, भाऊजी.”

पेन्सिल काढून पुठ्ठा घातला.

“आता?”

“ही फडफड.”

“बरोबर आहे तुझं. थांब, हा स्क्रू आणखी ढिला करतो.”

नापास मालाला ‘अजून नीट नापास हो’ म्हणून मी विनवण्या करत होतो! एवढ्यात खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. दारातूनच म्हणाले, “कधीपासून ऐकतोय. काही बिघडलंय का?”

“नाही हो,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “काही केल्या बिघडतच नाहीये!”

वकील एकही प्रश्न न विचारता खाली गेले. वकिलानं प्रश्न विचारला नाही, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं असेल ते ओळखा.

दिवेलागणीला मेहुण्यानं गिटार खोळीत घालायला घेतली. “जाऊ दे, भाऊजी. मी उद्या सकाळी फोन करून सांगतो, येत नाही म्हणून. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

वर माझीच समजूत काढतोय! मला शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

“थांब जरा,” बायको म्हणाली. तिनं चहाचे कप खाली ठेवले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “अहो, घरी आलेल्या प्रत्येकाला तो तुमचा नियम ऐकवता ना? एका वेळी एक गोष्ट. मग सांगा बघू ओळीनं. शेवटी काय केलंत?”

“व्हॉल्व्ह बदलले.”

“त्याच्या आधी?”

“औषध फवारलं. त्याआधी नमदा. त्याआधी स्क्रू आवळले.”

“आणि सगळ्यात आधी?”

“सगळ्यात आधी फळी उघडली आणि...”

माझी नजर तिच्या अंबाड्यावर गेली. मग तिचा हात आपसूक तिकडं गेला, आणि तिथंच घट्ट बसला.

“नाही हं!” ती म्हणाली. “वर्षभर शोधत होते मी!”

“ताई,” मेहुणा म्हणाला. बस्स, एवढंच.

तिनं आकडा उपसला. अंबाडा सुटून पाठीवर आला. मी तो आकडा एक पाय चुंबकावर, एक पाय फटीतून कागदाला, असा लावला.

“वाजव.”

टक, टक. नुसतीच टकटक! मी पाय केसभर आत सरकवला.

“वाजव.”

घर्रर्र!

काय सांगू तुम्हाला! मेहुणा डोळे मिटून वाजवायला लागला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मी घरघर शेवटपर्यंत ऐकली. नुसती घरघर नव्हती हो ती. रडून झाल्यावर माणूस हसत बोलायला लागतो ना, तसा तो सूर होता. बायकोनं मोकळ्या केसांनीच डोळे पुसले. आणि खालून वकील ओरडले, “अभिनंदन! बिघडला!”

रविवारचं रेकॉर्डिंग झकास झालं. स्टुडिओवाल्यांनी मेहुण्याला आणखी चार गाण्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, हा आवाज कुणी जमवून दिला? आणि या भल्या पोरानं काय सांगावं? “आमच्या भाऊजींनी! आवाजातले तज्ज्ञ आहेत!”

तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्या दारात गिटारवाल्यांची रांग लागते. चांगले चालणारे अँप्लिफायर घेऊन येतात आणि हात जोडून म्हणतात, “साहेब, एवढा बिघडवून द्या!” मी गंभीर चेहऱ्यानं त्यांना बाहेर बसवतो. आत जाऊन फळी उघडतो, पेन्सिलीनं चार ठिकाणी टकटक करतो, दहा मिनिटं पेपर वाचतो, आणि एक आकडा लावून फळी बंद करतो. गुपित कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

एकच अडचण झालीय. बायकोच्या आकड्यासारखे जाड आकडे एकाच दुकानात मिळतात, कोपऱ्यावरच्या कटलरीच्या दुकानात. दर गुरुवारी संध्याकाळी मी तिथं जातो आणि एक डझन मागतो. दुकानदारीणबाई आकडे पुडीत बांधतात, माझ्या डोक्याकडं बघतात, आणि काही बोलत नाहीत. गेल्या गुरुवारी मात्र त्यांना राहवलं नाही. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्या हलक्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाल्या,

“काका, आकडे पुरे झाले आता. टोप्या आल्यात नवीन. दाखवू का?”