गुरुजींच्या रक्तात काहीतरी निघालं

निवृत्तीनंतर शरदचंद्र गुरुजींनी पेपरात वाचलं की, नियमित व्यायामानं रक्तातली काही प्रथिनं बदलतात आणि त्यांचा संबंध निरोगी म्हातारपणाशी असतो. छापील शब्दावर गुरुजींचा जन्मभर विश्वास. दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट घालून ते चालायला निघाले.

पण वडीगोद्रीत ओळखीचा माणूस पायी दिसला आणि त्याला गाडीवर न घेता पुढं गेलं, तर तो त्याचा अपमान समजतात. पहिल्याच वळणावर त्यांचा जुना विद्यार्थी भुजंग यानं मोटारसायकल थांबवली.

"गुरुजी, पायी कुठं? बसा मागं."

"अरे, मी चालायलाच निघालोय."

"ते दिसलं. पर चालून जायचं कुठं?"

"कुठंच नाही. परत घरी."

भुजंगनं काळजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि बळंच बसवून घरी आणून सोडलं. वाटेत गुरुजींनी त्याला प्रथिनांचं सगळं समजावून सांगितलं. हीच चूक झाली. समजावलेलं भुजंगच्या डोक्यात कसं शिरतं, हा वर्गातला अनुभव ते साफ विसरले होते.

"गुरुजींच्या रक्तात काहीतरी निघालंय," भुजंगनं हॉटेलात सांगितलं. सलूनमध्ये त्याचं मोठं दुखणं झालं, आणि आष्टीच्या बाजारात पोचेपर्यंत ते दुखणं खानदानी ठरलं.

आष्टीत राधेश्याम राहत होते. त्यांच्या मुलाशी गुरुजींच्या यशश्रीचं लग्न जवळपास ठरलं होतं. त्यांचा फोन आला, "उद्या येऊन राह्यलो. समोरासमोर बोलू."

"झालं समाधान?" रजनीबाई नवऱ्यावर कडाडल्या. "पोरीची सोयरीक मोडली तर घाला त्या प्रथिनांचं लोणचं!"

यशश्रीचे लाल झालेले डोळे बघून गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राधेश्याम आले ते चहाला हातही न लावता गुरुजींना अंगणात घेऊन गेले. "खरं सांगा, रक्ताचं काय हाय?"

गुरुजींनी घडलं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता राधेश्याम खाटेवर मटकन बसले आणि पोट धरून हसायला लागले.

"मला बी डॉक्टरनं चालायला सांगितलंय हो! पर आष्टीत कोण चालू देतंय? दार लावून गोठ्यात चकरा मारतो. म्हशी दूध चोरायला लागल्या."

"मग सोयरीक?"

"पक्की. पर आपली एक अट हाय."

दाराआड उभ्या रजनीबाईंनी कान आणखी पुढं केला.

"दर इतवारी मी इथं चालायला येणार. इथं मला कोण वळखतंय?"

गुरुजींना आनंदानं रडूच फुटलं.

रविवारी दोघे व्याही जोडीनं रस्त्याला लागले. तोवर सोयरिकीची बातमी गावभर झाली होती. मागून सरपंचांची जीप आली, आत भुजंग होताच.

"गुरुजी, तुम्ही चाला खुशाल. आता बिलकुल अडवणार न्हाई," सरपंच म्हणाले. "पर गावाचा व्याही पायी? आष्टीवाले तोंडात शेण घालतील आमच्या! घरोघर शिरा करून ठेवलाय. चला, पाव्हणे."

राधेश्याम नको नको म्हणत असताना भुजंगनं त्यांना उचलून आत बसवलं. जीप निघून गेली.

रस्त्यावर गुरुजी एकटेच उरले. अडवायला कोणी नाही, रस्ता मोकळा, बूट पायात. त्यांनी समाधानानं दोन पावलं टाकली आणि ते एकदम थबकले. मुलीचा बाप मागं राहिला आणि व्याही एकटेच गावात फिरतायत!

"अरे थांबवा! मला बी घ्या!" असं ओरडत गुरुजी धोतराचा सोगा धरून जीपमागं जे पळत सुटले, ते थेट पहिल्या शिऱ्याच्या ताटलीपर्यंत.