तिरकमठ्याच्या नावेची हकीकत

देवाच्या कृपेने आणि आजीच्या खणखणीत गळ्याच्या कृपेने जो जीव वाचला, त्या जिवाने हे कागद लिहिले. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी आम्ही मातोश्रींच्या पोटी होतो, सातवा महिना चालू होता. प्रसंगी जातीने हजर, परंतु दृष्टीस काही पडले नाही, सबब आजी आवडाबाई यांनी सांगितले तैसे लिहितो.

नदीच्या ऐलथडीस आमचे महाराज राज्य करीत होते आणि पैलथडीस दुसरे राजे होते, आणि दोहों थडींच्या लेकी एकमेकांच्या घरी नांदत होत्या. आमच्या मातोश्री ऐलथडीच्या, दिल्या पैलथडीस. ऐसे सुरळीत चालले असता हैबतराव हाकाटे नामे गृहस्थ उदयास आले. त्यांजपाशी फौज नव्हती, जहागीर नव्हती, आवाज मात्र होता. ते चावडीवर उभे राहून बोलिले की पैलथडीचा गनीम येणार, आणि लोक रात्रभर काठ्या घेऊन जागले, आणि कोणीही आले नाही. मग हाकाटे बोलिले, "आम्ही जागलो म्हणून आला नाही!" तेव्हां लोकांनी त्यांस खांद्यावर घेतले आणि वेशीच्या किल्ल्या दिल्या. मग पुन्हा गनीम आला नाही, आणि त्याचेही श्रेय हाकाटे यांसीच मिळाले. मग ते बोलिले की गनिमाचे हेर आपल्यातच आहेत, ज्याची सोयरीक पैलथडीस त्याजवर नजर ठेवा. मग घाट बंद जाहला, नावा उलथ्या पडल्या, आणि आवडाबाई लेकीच्या तोंडास पारख्या झाल्या. शेवटी हाकाटे यांनी खुद्द राजाचा शिक्का मागितला. महाराज भिडस्त, बोलिले, "गनीम डोळ्यांनी दिसला की देऊ." तेव्हांपासून हाकाटे घाटाच्या बुरुजावर तोफ चढवून पाण्याकडे टक लावून बसले. राज्य राखावयास बसले की शत्रूची वाट पाहावयास, हे त्यांचे त्यांस ठाऊक.

इकडे मातोश्रींस सातवा लागला आणि डोहाळे एकच, आईस पाहावे. सासरची माणसे भली, त्यांचे उपकार किती मानावेत! ती माणसे म्हणाली, घाट बंद तर बंद, डोहाळजेवण नावेतच करू, आणि नाव ऐलथडीच्या इतकी जवळ नेऊ की आईने पोर डोळे भरून पाहावी. आणि डोहाळजेवणास गर्भारणीच्या हाती तिरकमठा देण्याची चाल दोहों थडींस आहेच, म्हणून मातोश्रींस हिरवे लुगडे नेसवून, फुलांनी मढवलेला तिरकमठा हाती देऊन नावेत मधोमध बसविले आणि दिवेलागणीस निघाले.

बुरुजावरून हाकाटे यांनी काय पाहिले? नाव पाहिली आणि तिरकमठा पाहिला. "गनीम! तिरंदाज आले! डागा तोफ!" ऐसा हाकाटा केला. नगारा वाजला, बाजार धावला, महाराज शिक्क्याची पेटी घेऊन अनवाणी आले. त्या गर्दीत प्रत्येकाच्या घरी हे डोहाळजेवण झालेले, कित्येकांच्या बायकांनी तोच तिरकमठा हाती धरलेला, परंतु त्या घटकेस एकासही आठवण झाली नाही. सटवोजी गोलंदाज यांनी वात पेटविली आणि महाराजांनी पेटीचे कुलूप काढिले.

इतक्यात आवडाबाई लोकांस कोपरांनी सारीत बुरुज चढल्या आणि थेट तोफेच्या तोंडापुढे उभ्या राहिल्या.

"अरे मेल्यांनो, लेक आहे ती माझी! डोहाळजेवण आहे! तिरकमठ्याला झेंडूची फुलं लावून कोण लढायला येतं रे?"

"बाई, बाजूला व्हा," हाकाटे बोलिले.

"होत नाही. सटवोजी, तुझ्या बायकोची ओटी मीच भरली होती. तिच्या हातात काय होतं, सांग!"

सटवोजी यांनी तोफेपाशी नेलेली वात मागे घेतली. मग हळूच बोलिले, "तिरकमठा." आणि वात पायाखाली विझविली. मग खाली बायांत एक हसली, मग दुसरी, मग सगळा घाट हसू लागला. हाकाटे ओरडले, "हसता काय? आज नाव आली, उद्या फौज येईल!" परंतु लोक उलथ्या नावा पाण्यात ढकलण्याच्या गडबडीत होते.

महाराज पेटीस कुलूप घालून बोलिले, "हैबतराव, तुम्हांस काय दिसले?"

"गनीम, महाराज."

"आम्हांसही तोच दिसला. आम्ही पाहिलेच नव्हते, तुमचे ऐकले होते."

हाकाटे यांसी शिक्षा झाली नाही, वेशीच्या किल्ल्या मात्र परत घेतल्या. मातोश्री माहेरीच राहिल्या आणि फाल्गुनात आमचा जन्म जाहला. बारशास सटवोजी आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, आत येईनात. आजीने आम्हांस उचलून त्यांच्या हातांवर ठेविले. त्या हातांवर आम्ही गाढ झोपलो होतो म्हणतात.

सारांश, राज्य राहिले, घाट वाहता झाला, आम्ही जगलो. ज्या आजीने वाचविले आणि ज्या हातांनी वात विझविली, त्यांच्या पायांशी हे कागद ठेविले.