बसणारी गाडी

गळती शोधण्यात माझा हात धरील असा माणूस अख्ख्या सोलापुरात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलीत मी! भर उन्हात डांबरी रस्त्याला कान लावायचो आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते खडूने खूण करून दाखवायचो. खणल्यावर वीतभराचाही फरक निघायचा नाही. ऑफिसात ‘धर्मपाल साहेबांचा कान’ प्रसिद्ध होता. त्यामुळे निवृत्तीनंतर घेतलेली माझी गाडी रोज सकाळी डाव्या अंगाने खाली बसलेली दिसायला लागली, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. उलट मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी आपल्या लायकीचं काम आलं होतं!

गाडी म्हणजे साधीसुधी नाही हं. परदेशी बनावटीची, चारही चाकांना जोर असलेली, हत्तीएवढी! माळशिरसच्या एका बागायतदाराने ती पंधरा वर्षं उसाच्या फडातून फिरवली आणि मग मला विकली. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर चार रबरी फुगे, आणि त्यांत हवा भरायला गाडीखाली एक छोटा कंप्रेसर. म्हणजे गाडी चक्क हवेवर चालते! “साहेब, पोटातलं पानी हलायचं न्हाय,” असं बागायतदार म्हणाला, आणि पाणी म्हटल्यावर मी विरघळलोच.

“निवृत्त माणसाला हत्ती कशाला?” आमच्या शालनने विचारलं.

“अगं, मामींसाठी घेतली!” मी म्हणालो.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, रंभाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, आमच्याकडेच असतात. आवाज खणखणीत, पण गुडघे कामातून गेलेले. छोट्या गाडीत ते दुमडत नाहीत आणि एसटीच्या पायरीपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे मैंदर्गीला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, राजाबाईंना, त्या तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या. आणि आता राजाबाईंचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन निघाला होता, कायमचा! पुढच्या सोमवारची रेल्वे. म्हणजे भेट व्हायची तर त्याआधीच्या रविवारीच.

“यंदा बघितली तर बघितली,” मामी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. त्यांचा तो चष्मा मला बघवेना. मी तिथल्या तिथे रविवार पक्का केला.

या सोमवारी सकाळी चढून बघायची तालीम ठेवली, तर गाडी नेहमीप्रमाणे डाव्या अंगाने जमिनीला टेकलेली! मामी काठी टेकत आल्या, दाराकडे पाठ केली, आरामात सीटवर बसल्या आणि पाय आत ओढून घेतले.

“आगं बया! म्हातारं मानूस बघून खाली बसली की गं ही! लई गुनाची हाय!”

मी शरमेने अर्धा झालो. गळत्यांचा तज्ज्ञ मी, आणि माझीच गाडी गल्लीसमोर गळतेय!

“मामी, हा गुण नाही, बिघाड आहे. रविवारच्या आत तिला ताठ उभी करतो की नाही बघा!”

“करा बाबा. पर तिला दुकवू नगा,” मामी म्हणाल्या.

हवेची गळती शोधायची रीत सोपी आहे. साबणाचं पाणी टाकायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. पण आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांतून एकदा. मधल्या दिवसांत शालनकडे बादलीभर पाणी मागायची माझी काय, कुणाचीच टाप नाही. म्हणून मी गुरुवारची, पाण्याच्या दिवसाची, वाट पाहिली.

गुरुवारी सकाळी नळ सुरू झाला तसा मी बनियनवर बाहेर आलो. अर्धा चमचा पावडर पुरते म्हणतात. मी सरकारी मापाने घातली. दोन बादल्या ओतल्यावर फेस असा काही उसळला की गाडीची चाकंच दिसेनात!

“बुडबुडे दिसतायत का?” शालनने दारातून विचारलं.

“दिसतायत!”

“कुठं?”

“सगळीकडे!”

मग मी शेवटचं हत्यार काढलं. माझा कान! कानाशी घरघर नको म्हणून कंप्रेसर गाडीखालून सोडवून नळाच्या खड्ड्याशेजारी ठेवला. जागा तेवढीच कोरडी होती. त्याच्या वायरी आणि काळी नळी गाडीला तशीच जोडलेली. इंजिन सुरू केलं तसा कंप्रेसर घरघरायला लागला, आणि मी फेसात आडवा पडून गाडीला कान लावला.

एवढ्यात समोरचा शिवप्पा रिकामी घागर घेऊन आला. त्या दिवशी पाण्याला जोर नव्हता, त्याच्या नळाला करंगळीएवढी धार.

“यप्पा! पाच दिवसानं पानी आलंय आन् तुमी गाडी धुताय व्हय?”

“धूत नाही हो! गळती शोधतोय!”

“शोधायची कशाला? ही काय वाहतीया की गटारापतुर!” त्याने फेस दाखवला. मग त्याने कान टवकारले. “आन् ही मोटार कसली?”

“ही हवा ओढते!”

“व्हय, व्हय! आमची बी हवाच ओढत हुती. चार वर्सांमागं तुमीच उचलून न्हेली की!”

हे खरं होतं. नळाला थेट मोटार लावून लोकांच्या वाटणीचं पाणी खेचणं हा आमच्याकडे गुन्हा, आणि नोकरीत असताना मी गल्लोगल्ली फिरून अशा मोटारी जप्त केल्या होत्या. शिवप्पाची तर पहिली! इतकंच नव्हे, ‘नळाला मोटार लावणाऱ्याची तक्रार करा’ असं लिहून खाली फोन नंबर मी स्वतः उभा राहून गल्लीच्या भिंतीवर रंगवून घेतला होता. अक्षरं अजून झकास दिसतात. शिवप्पाला तिथून नंबर वाचायला काही अडचण आली नाही.

वीस मिनिटांत पथक आलं. वीस मिनिटांत पोचायचं, हा नियमही माझाच!

जीपमधून यशपाल उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला. यशपाल म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता साहेब झालेला.

“यशपाल, सांग बाबा यांना!” मी फेसातून उठत म्हणालो.

यशपालने नळाकडे पाहिलं. नळाशेजारी घरघरणारी मोटार पाहिली. काळी नळी पाहिली. गटारापर्यंत गेलेलं पाणी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

“साहेब... तुम्ही?”

“अरे, गाडीचा कंप्रेसर आहे तो! हवेचा!”

“सगळे काहीतरी सांगतात, साहेब. गेल्या महिन्यात एक जण मिक्सर आहे म्हणाला.”

“अरे, पण ऐकून तर घे!”

“साहेब, तुम्हीच शिकवलंय. आधी मोटार काढायची, मग ऐकायचं.” असं म्हणून त्याने पान्हा मागवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं साबणाचं असावं.

पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करायला शिवप्पा चष्मा घेऊन तयार! ‘मोटार, नळीसह, नग एक.’ नळी ओढली मात्र, गाडीने एक लांब सुस्कारा सोडला, चारही बाजूंनी हळूहळू खाली गेली आणि फेसात पोटावर बसली. 

“बसली बया!” ओट्यावरून मामी कौतुकाने म्हणाल्या.

“जप्तीचे अर्ज सोमवारीच घेतात. अर्ज घेऊन ऑफिसात या, साहेब. लगेच सोडतो,” यशपाल म्हणाला आणि माझ्या पाया पडून कंप्रेसर घेऊन गेला.

सोमवारी! आणि मामींचा रविवार?  मामींनी राजाबाईंसाठी शेंगाची चटणी कुटून ठेवली होती, तो डबा रात्री जेवतानाही त्या पुन्हा पुन्हा उघडून झाकत होत्या. 

शुक्रवारी सकाळी मी दिपक मिस्त्रीला घरी बोलावलं. तो गाडीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला.

“साहेब, कंप्रेसर कुटं हाय?”

“जप्त झालाय.”

“गाडी सोडून नुसता कंप्रेसर?”

“तू काम बघ.”

त्याने पुढचा डावा फुगा काढून दाखवला. बोटभर चीर होती. मी कान लावला होता तिथून चांगली तीन हात लांब! ही गोष्ट आमच्यातच ठेवायचं त्याने कबूल केलं.

“असला फुगा हितं मिळायचा न्हाय. हवेचा नादच सोडा, साहेब. चारी चाकांना लोखंडी स्प्रिंगा ठोकतो. मरस्तवर खाली बसायची न्हाय!”

“रविवारच्या आत?”

“शनवारी संध्याकाळी गाडी दारात!”

“ठोक!” मी ओरडलो.

आणि दिपक शब्दाला जागला. शनिवारी संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली, ती काय वर्णावी! आधीपेक्षा चार बोटं उंचच. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. शिवप्पाला मुद्दाम हाक मारून दाखवली. रात्री दोनदा उठून खिडकीतून पाहिलं. तसूभर हलली नव्हती!

रविवारी सकाळी मामी नवं इरकल नेसून, चटणीचा डबा काखेत घेऊन बाहेर आल्या. दार उघडलं. मामींनी सवयीने पाठ केली आणि बसायला गेल्या, तर सीट त्यांच्या खांद्याशी!

“पाव्हनं,” मामी शांतपणे म्हणाल्या, “तिला खाली बसवा.”

“मामी... ती आता बसत नाही.”

“का?”

“दुरुस्त झाली.”

मामींनी गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे तसंच.

“मंग परत बिगडवा की!”

स्टूल आणलं, ते डगमगलं. खुर्ची आणली, तिच्यावरच मामी चढेनात. शिवप्पा आणि मी दोघांनी उचलायचं ठरवलं, तर मामींनी काठी उगारली. आठ वाजले, साडेआठ वाजले. मामी ओट्यावर टेकल्या, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. तिला फोन लावून द्या. फोनवर बोलती.”

आवाज खणखणीत नव्हता. तो ऐकून मला राहवेना. मी गाडीच्या दाराशी गेलो आणि इस्त्रीच्या पँटसकट दोन हात, दोन गुडघे रस्त्यावर टेकले.

“शालन, चादर आण! मामी, या!”

शालनने चादरीची चौघडी करून माझ्या पाठीवर टाकली. शिवप्पाने मामींचा हात धरला. “जरा खाली, साहेब... डावी बाजू वर घ्या... आता हलू नका!” असं तो अगदी मनापासून सांगत होता. मामींनी पहिला पाय ठेवला. मग दुसरा. कुठेतरी कट्ट असा आवाज झाला. तो गाडीतून आलेला नव्हता, एवढं माझ्या कानालाही कळलं.

मैंदर्गीला राजाबाई दारातच उभ्या होत्या. दोघी बहिणींनी एकमेकींचे चेहरे हातांनी चाचपले. रडल्या, आणि लहानपणी विहिरीवर कुणी घागर फोडली यावर पाचव्या मिनिटाला भांडायला लागल्या. शालन डोळे पुसत होती. मीही तोंड फिरवून गाडीचं चाक बघत राहिलो, आणि खरं सांगतो, कमरेचं दुखणं तेवढा वेळ पार विसरून गेलो.

पण विसरून कसं चालेल? मैंदर्गीला उतरायचं होतं. निघताना चढायचं होतं. घरी पुन्हा उतरायचं होतं!

सोमवारी यशपाल स्वतः कंप्रेसर घेऊन घरी आला. मी पालथा पडलो होतो आणि शालन कंबर शेकत होती.

“काय झालं साहेबांना?”

“डाव्या अंगानं बसल्यात,” मामींनी सांगितलं.

“तो कंप्रेसर इकडं द्या,” शालन म्हणाली, “यांना जोडता येतो का बघते.”

डॉक्टरांनी दीड महिना वाकायचं नाही म्हणून बजावलंय. आता कुठे मी उशीला टेकून बसायला लागलोय. काल राजाबाईंचा फोन आला. त्यांना नागपूर मुळीच मानवलं नाही, त्या मैंदर्गीला परत येतायत. कायमच्या! मामींनी आनंदाने शेंगा भाजायला घेतल्या, आणि शालनने ती चादर धुऊन, नीट चौघडी घालून, गाडीत पुढच्या सीटवर ठेवून दिली आहे.